नाकासमोर जाणारी गाडी

गाड्या पळवायच्या ट्रॅकवर सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. ट्रॅक तिच्या दिराचा. लोक आपापल्या वेगवान गाड्या घेऊन यायचे आणि ती शेजारच्या सीटवर बसून त्यांना चालवायला शिकवायची. आयुष्यात तिनं कुणावर हात उगारला नव्हता. शाळेत तर भांडण सोडवायला जायची आणि दोन्हीकडचा मार खाऊन यायची.

इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणाऱ्या गाड्यांवर तिचा भारी राग. "मालकाला वाटतं, चारही चाकं ओढतायत, आता आपलं कोण वाकडं करणार! पण इंजिनाचं ओझं पुढं. वळणात जोरात घुसलात की पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळायचं सोडून नाकासमोर निघते, अगदी सज्जनासारखी."

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे इमारती पाडणारा एक कंत्राटदार, आणि गाडीही तसलीच. मान कुठं संपते आणि खांदे कुठं सुरू होतात, कळत नव्हतं. सुरुवातीच्या फेऱ्या बऱ्या गेल्या. मग गडी चेकाळला. सरळ पट्टा संपून उजवं वळण आलं.

"ब्रेक," ती म्हणाली. मग ओरडली, "अहो, ब्रेक!"

त्यानं उशिरा दाबला आणि स्टिअरिंग वळवलं. टायर किंचाळले. गाडी सरळच. त्यानं आणखी वळवलं आणि घाबरून गॅसही दिला. समोर रचलेल्या टायरांची भिंत धावत आली.

"पाय काढा! स्टिअरिंग सैल करा!"

तो मूठ आवळून बसला. मग तिनंच हात घालून स्टिअरिंग थोडं उलटं ओढलं, म्हणजे भिंतीच्या दिशेनं. पुढच्या टायरांना पकड मिळायची तर दुसरा इलाज नव्हता. त्याला एवढंच दिसलं की ही बाई आपल्याला भिंतीवर घालतेय. त्यानं ठोसा मारला. तिच्या हेल्मेटला पुढची काच नव्हती. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिला इंजिनाच्या गोंगाटातही ऐकू आला. तिनं स्टिअरिंग सोडलं नाही. दुसरा ठोसा जबड्यावर बसला. पण मारण्याच्या भरात त्याचा पाय गॅसवरून निघाला. पुढच्या चाकांवर भार आला, टायरांनी रस्ता धरला, गाडी गर्रकन वळली आणि तिच्या बाजूनं भिंतीवर आदळली. दार आत आलं. बरगड्यांत कळ गेली.

तो बाहेर पडला, वाकला आणि कॉलर धरून तिला त्याच्याच सीटवरून फरफटत ओढू लागला.

"मारायला निघाली होतीस मला?"

हेल्मेट तिनं नुकतंच काढलं होतं. तेच तिनं फिरवलं. त्याचे दोन दात गेले आणि तो मट्‌कन खाली बसला. बसलेल्याला तिनं पुन्हा हाणलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा दीर धावत आला आणि त्यानं तिला मागून कवेत धरलं. "वहिनी! अहो वहिनी, बस झालं!"

घरी नवरा दारातच थबकला. "कुणी मारलं तुला?"

"आधी ऐक. मीपण मारलंय."

तो बर्फ आणायला गेला. ती तिथंच खाली बसली. दुसरा फटका देताना हात किती हलका झाला होता, हे तिला आठवलं आणि मोडलेल्या नाकापेक्षा त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

कंत्राटदारानं तक्रारीची धमकी दिली. दिरानं त्याला गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. स्वतःची मूठ पाहून तो गार पडला.

"वहिनी, मिटलं," दीर म्हणाला.

"पहिला फटका माझ्या हक्काचा होता. दुसऱ्याची माफी मागायला हवी." तिनं फोन केला. पलीकडून फुटक्या आवाजात "ठीक आहे" आलं आणि फोन बंद झाला. त्यानं स्वतःहून माफी मागितली नाही, आणि तिनंही विषय काढला नाही.

नाक वाकडंच जुळलं. आता ती प्रत्येकाला आधी मुद्दाम ओल्या केलेल्या फरशीवर, जिथं कमी वेगातही गाडी घसरते, हळूहळू गोल फिरवते. दीर कुरकुरतो, गिऱ्हाइकं कंटाळतात.

"मॅडम, सायकल याहून जोरात जाते," परवा एकजण म्हणाला.

"थोडा वेग वाढवा. आता आणखी वळवा."

त्यानं वळवलं. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं आणि गाडी सरळ निघाली. त्याचं हसू मावळलं.

"आता पाय काढा आणि हात सैल सोडा," ती शांतपणे म्हणाली, आणि त्याचा डावा हात हलताच हनुवटी आत ओढून घेतली.