निळ्या टोपीचं पान

शुभाकाकूंनी अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या एका सीटबेल्टच्या कारखान्यात बावीस वर्षं टाइम स्टडी केला. म्हणजे क्लिपबोर्ड आणि स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं आणि एक पट्टा शिवायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. हे काम करणाऱ्यावर कारखान्यात कोणी विश्वास ठेवत नाही. काकू दिसल्या की बायका बोलायच्या थांबत, हात मुद्दाम सावकाश चालवत. काकूंचाही त्यांच्या हातांवर भरवसा नसे. नाव लिहिलं की माणूस बिथरतो, म्हणून त्या खूण लिहायच्या: लाल स्वेटर, डावखुरी. एकच माणूस सलग दहा दिवस मोजला तरच खरा आकडा सापडतो, असं त्या म्हणत.

निवृत्तीनंतर एकदा लायब्ररीत एक कार्यक्रम होता. वेस्ट बँकच्या लष्करी नाक्यांवर पहाटे उभं राहून नोंदी ठेवणारे स्वयंसेवक बोलत होते. त्यांनी पडद्यावर तक्ता दाखवला आणि काकू अस्वस्थ झाल्या. रांग कुठे सुरू होते ते लिहिलेलं नव्हतं, तपासणीच्या किती खिडक्या उघड्या होत्या तेही नव्हतं. अशा आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार, असं त्यांनी चहाच्या टेबलापाशी विचारलं. मग तुम्हीच या, असं उत्तर मिळालं. २०२२च्या सप्टेंबरात त्या खरंच गेल्या, तीन महिन्यांसाठी.

प्रल्हादकाकांनी बरेच दिवस अबोला धरला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी तिळगूळ देतादेताच चौकशी केली: तिकडे पाठवलं कोणी, तिकीट कोणी काढलं, तुमच्या मुलाच्या ग्रीन कार्डाला काही होणार नाही ना. काकूंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, मोजायला गेले होते. ते कोणालाच पटलं नाही.

काकूंनी तिथे लिहिलेल्या नोंदींच्या वह्या टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. दर शनिवारी दुपारी मी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसायचे. वायफाय बंद करायला लावून काकू माझ्या मागे उभ्या राहायच्या. काका टीव्हीसमोरून म्हणायचे, "हिचा फोन आधी फ्रीजमध्ये ठेव. काय काय ऐकत असतो, सांगता येत नाही."

वह्यांमध्ये बेथलेहेमजवळचा एक नाका होता. पहाटे चारपासून रांगेत पलीकडे इस्रायलमध्ये कामाला जाणारे पॅलेस्टिनी गवंडी, रंगारी, प्लंबर, परमिट हातात धरून. चारपैकी एक खिडकी उघडी. फिरतं लोखंडी दार मधेच थांबे, तेव्हा आत अडकलेला माणूस तसाच उभा राही. काकू वही घेऊन पुढे सरकल्या की दुसरी खिडकी उघडायची. म्हणून त्यांनी काही दिवस खांबाआड उभं राहून मोजलं. बघणारा आला की काम बदलतं, हे त्यांना कारखान्यानं शिकवलं होतं.

आणि एक माणूस होता. निळी टोपी, उजवा पाय ओढतो, स्टीलचा डबा. पहिला दिवस: ४.१० ते ५.५५. दुसरा: ४.०५ ते ६.२०. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी लिहिलं होतं: "आज टोपी नाही. त्यानं माझ्या वहीकडे पाहिलं." त्यानंतर त्याच्याबद्दल काही नव्हतं.

पुढे काय झालं, मी विचारलं. काकू म्हणाल्या, तेराव्या दिवसापासून तो दिसला नाही. आजारी असेल, काम संपलं असेल, दुसऱ्या नाक्यानं जात असेल. किंवा परमिट गेलं असेल. "आपल्याला कोणीतरी रोज टिपतंय, हे त्याला कळलं होतं. मी कोणाच्या बाजूची, हे त्याला कसं कळणार?"

हे मी आश्लेषाला सांगायला नको होतं. आश्लेषा इथेच जन्मलेली, त्या स्वयंसेवकांच्या गटाचं इथलं काम बघणारी. मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याच्या ऑफिसात या नोंदी दाखवायला गटाची भेट ठरली होती. ती दुसऱ्याच दिवशी काकूंकडे आली.

"काकू, धिस इज द होल स्टोरी. नुसते नंबर्स कोणी वाचत नाही यार. अकरा दिवस, एक माणूस. आपण नाव कुठे देतोय?"

"पाय ओढणारे, निळ्या टोपीचे, चार वाजता येणारे किती असतील गं तिथे? ज्याला शोधायचाय त्याला नाव लागत नाही."

आश्लेषानं बाजूला नेऊन मला विचारलं की त्या घाबरल्यात का. पुढच्या शनिवारी काकूंनी वही माझ्या हातात दिली नाही. स्वतः वाचून दाखवली, आणि ते पान आलं तेव्हा दोन पानं एकदम उलटली.

भेटीला आम्ही तिघी गेलो. ऋषी नावाचा तरुण कर्मचारी लॅपटॉप उघडून बसला होता. काकूंनी तक्ता पुढे केला: तारीख, उघड्या खिडक्या, तासाला सुटलेली माणसं, रांगेच्या शेवटापासून लागलेली मिनिटं. त्यानं तो नम्रपणे पाहिला आणि बाजूला ठेवला. मग म्हणाला, कॅन यू टेल मी अबाउट वन पर्सन?

आश्लेषानं काकूंकडे पाहिलं. मी टेबलाकडे. वही काकूंच्या पर्समध्ये होती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. काकूंनी पर्स मांडीवर घेतली, तिची चेन नीट लावून घेतली आणि इंग्रजीत सावकाश सांगायला लागल्या.

"एक बाई. वय सदुसष्ट. हिरवा कोट, चष्मा, खांद्यावर पिशवी. अमेरिकन पासपोर्ट. तिला बाजूच्या दारानं सोडायचे. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तिची पिशवी एकदाही उघडली नाही. त्याच सकाळी मधल्या रांगेत एक तास अठ्ठावन्न मिनिटं लागत होती."

ऋषी टाइप करायचा थांबला. ती बाई म्हणजे तुम्ही का, असं त्यानं विचारलं. हो, माझं नाव लिहा, काकू म्हणाल्या, स्पेलिंग सांगते.

आश्लेषा खुर्चीत मागे टेकली. तिला हवं होतं ते हे नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ऋषीनं लॅपटॉप मिटायला हात लावला तसं काकूंनी त्याला थांबवलं आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं वाचलं. त्यात "सुमारे तीन मिनिटं" असं होतं.

"दोन चाळीस," काकू म्हणाल्या, आणि त्यानं ते बदलेपर्यंत पडद्यावरून नजर काढली नाही.