शॉवरच्या जाळीतले जंतू

"मॅडम, पाण्याचा प्रश्नच नाही. सफाईवाली बाई बदलायची आहे, तेवढं रिपोर्टात लिहा," धर्मशाळेचे मॅनेजर शिंदे मला म्हणाले. मी अजून खुर्चीत बसलेही नव्हते.

मी नाशिकच्या एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. पाण्यातले जंतू शोधणं हे माझं काम. त्र्यंबकेश्वरच्या या धर्मशाळेत महिलांच्या स्नानगृहात अंघोळ केली, की अंगावर बारीक पुळ्या उठत होत्या. पुरुषांकडून एकही तक्रार नव्हती. खापर फुटलं होतं सफाई करणाऱ्या हिराबाईंवर.

"लय घासते हो ताई," त्या म्हणाल्या. "बिलीचिंग टाकून टाकून हात सोलले. कामावरून काढलं तर या वयात जाऊ कुठं?"

फरशा खरंच लख्ख होत्या. शिंद्यांनी जुना रिपोर्ट पुढे केला. "टाकीचं पाणी शुद्ध आहे. बघा."

"बायका टाकीत अंघोळ करतात का?" मी विचारलं. त्यांनी रिपोर्ट घडी करून बाजूला ठेवला.

पुरुषांना बॉयलरचं कढत पाणी बादलीतून मिळत होतं. बायकांसाठी मात्र एका ट्रस्टींनी देणगी देऊन नवे शॉवर आणि गच्चीवर सोलर बसवला होता. पावसाळ्यात ऊन कुठलं? मी थर्मामीटर धरला. पाणी जेमतेम कोमट होतं. कोमट पाण्यात जंतू मजेत वाढतात. पाइपच्या आत ते बुळबुळीत थर धरतात. त्याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. त्या थराच्या आत क्लोरीन नीट पोचत नाही.

लॅबच्या प्रमुखांना, आमच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "नळ आधी वाहू दे, मग सॅम्पल घे. पद्धत तीच आहे."

"सर, बायका पाणी वाहू देत नाहीत, थेट खाली उभ्या राहतात. मी पहिल्या धारेचंच घेते."

"घे. पण टाकीचंही घे. उद्या भांडण होईल."

भांडण झालंच. सोलर देणारे ट्रस्टी स्वतः लॅबमध्ये आले. मी त्यांच्यापुढे जंतू वाढवून बघायच्या दोन प्लेटा ठेवल्या. टाकीच्या पाण्याची कोरी होती. शॉवरच्या पाण्याची हिरवट ठिपक्यांनी भरली होती. "हा सुडोमोनास नावाचा जंतू. अशा पुळ्या यानेच येतात."

"म्हणजे माझ्या देणगीने लोकांना त्रास झाला?"

"देणगी चांगली आहे, काका. पाणी नुसतं कोमट राहतंय, एवढंच."

त्यांनी शॉवरची प्लेट जवळ ओढून नीट पाहिली. मग त्यांनीच प्लंबरला फोन लावला.

शॉवरच्या जाळ्या काढल्या. आत बोटाला चिकटेल असा थर होता. एक जुना पाइप पुढे बंद केलेला निघाला. त्यात पाणी नुसतं साचून राहायचं. तो कापून टाकला. सोलरला इलेक्ट्रिक हीटर जोडला, म्हणजे ऊन नसलं तरी सोलरच्या टाकीतलं पाणी चांगलं तापेल. अंगावर घेताना त्यात गार पाणी मिसळायची सोय केली. सगळी लाइन क्लोरीनने धुतली.

पुन्हा सॅम्पल घेतलं, पहिल्याच धारेचं. प्लेट कोरी. सरांनी ती उजेडाकडे धरून दोनदा पाहिली आणि नुसतं "शाबास" म्हणाले. आमच्या लॅबमध्ये हा शब्द सहसा ऐकू येत नाही.

पुळ्या थांबल्या. रिपोर्ट द्यायला गेले, तेव्हा शिंदे हिराबाईंना माझ्यासमोर म्हणाले, "मावशी, माझं चुकलं." हिराबाईंनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा सांगायला शिंद्यांनाच पाठवलं.

पाण्याचं सॅम्पल घ्यायची सोपी जागा आणि बरोबर जागा बहुधा वेगळ्या असतात. बरोबर जागी उभं राहिलं, की कपडे भिजतात.