आधी कुणाचं नाव

पिंकीच्या पप्पांना, म्हणजे आमच्या समाधानरावांना, तळवड्याच्या कंपनीत सगळे प्रेस मशीनवाले म्हणून ओळखतात. पण हे मूळचे गोंधळी. लग्नकार्यानंतर लोकांच्या घरी देवीचा गोंधळ घालायचा, संबळ वाजवायचं, हे त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कंपनीत मात्र एकाला पत्ता नाही. कुणी विचारलं, "राव, रविवारी कुठं गायब असता?" की हे म्हणणार, "घरची कामं." मला असा राग येतो. चोरी करायला जाता का कुठं?

खरं तर रविवारही रिकामेच जायला लागले होते. लोक आता मोबाइलवर व्हिडिओ बघून माणसं ठरवतात, आणि आमचे हे कुठल्याच व्हिडिओत नाहीत. पिंपळे गुरवच्या आमच्या खोलीत संबळ कपाटावर जाऊन बसलं. एक दिवस हे म्हणाले, "गावाकडं आबांना परत देऊन टाकतो." आबा म्हणजे माझे सासरे, कोंडाजी. ते संबळ त्यांनीच ह्यांच्या हाती दिलेलं.

तेवढ्यात कळलं, शहरातल्या कलावंतांसाठी फुकट ऑनलाइन कार्यशाळा निघाल्यात. आपली ओळख कशी करून द्यायची, कार्यक्रम कसे मिळवायचे, सगळं शिकवणार. मीच ह्यांचं नाव घातलं आणि मागं लागून बसवलं. शिकवणाऱ्या पद्मजा मॅडम स्वभावानं चांगल्या. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, प्रत्येकानं दोन मिनिटांत स्वतःची ओळख करून द्या, त्यातूनच शहराच्या लोककला महोत्सवासाठी कलाकार निवडणार आहोत.

ह्यांनी गळ्यात कवड्यांची माळ घातली. मागं मी नवी चादर बांधली. पाळी आली, तसे ह्यांनी हात जोडले आणि सुरू झाले. तुळजापूरची आई, माहूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा खंडोबा, मग गावोगावचे देव, मग गुरू. गोंधळात आधी सगळ्या देवांना आवतण द्यायचं असतं, त्याशिवाय गोंधळी पुढचा शब्द काढत नाही. मी फोनमागून खुणा करतेय, अहो नाव सांगा, नाव! ह्यांचे डोळे मिटलेले. वेळ संपली.

मॅडम म्हणाल्या, "छान. पण दादा, तुमचं नाव काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "राहू द्या," म्हणाले आणि फोन पालथा घातला.

त्यानंतर ह्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. मॅडमनी बिचाऱ्यांनी स्वतःहून फोन केला, आधी नाव सांगून घरीच रेकॉर्ड करून पाठवा म्हणाल्या. हे नको नको करत बसले. मी भांडलेच. "देव काय पळून चाललेत? एकदा आपलं नाव आधी घेतलं म्हणून काय बिघडतं?"

"आई दारात उभी असताना आपण पाटावर बसायचं का?" हे म्हणाले.

"मग द्या ते संबळ गावाला पाठवून," मी म्हटलं. त्यावर ह्यांनी कवड्यांची माळ गळ्यात घातली.

व्हिडिओ झाला. "नमस्कार, मी समाधान, मी लोककलावंत आहे," असं शिकवल्यासारखं घडाघडा बोलले. देवांची पाळी येईतो दोन मिनिटं संपली. निवड झाली, आणि मी अशी हरखले की न विचारता तो व्हिडिओ सासऱ्यांना धाडून दिला. हे मात्र त्या दिवशी देवघराकडं पाठ करून जेवले.

संध्याकाळी आबांचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर टाकला.

"आधी तुझंच नाव घेतलंस व्हय, समाधान?"

आवाजात राग नव्हता. लेकराला, लागलं का रे, असं विचारतात ना, तसं विचारलं. हे खाली मान घालून "व्हय" म्हणाले. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"आन् तितं कार्यक्रमातबी तसंच का?"

"व्हय आबा. तिथं वेळ कमी असतो."

आबा म्हणाले, "बरं. मग मी येतो. तू तुझं नाव सांगशील तवा मी मागं पडद्याआड हुबा राहून देवांची घेतो. हळूच घेतो. तुझी वेळ न्हाई खायचो."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, कपाटावरचं संबळ काढलं आणि पुसत बसले. माझ्याकडं बघितलं नाही.