आली होती

शेवटच्या दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी खोलीचं दार लोटलं, तर वंदनानं हातानंच खूण केली... राहू द्या उघडं. "अवं, थंडी वाजन तुले," मी म्हटलं. ती नुसती हसली. त्याच संध्याकाळी ती गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊनही आता काही आठवडे झाले, पण घराचं दार मी अजून दिवसभर उघडंच ठेवतो. तिनंच लावलेली सवय, दुसरं काय!

मोहाडीकडच्या एका शाळेत ती समुपदेशक होती. मी एसटीत कंडक्टर, दिवसभर "आत सरका, आत सरका" ओरडणारा. आणि आमची ही लेकरांना दाराजवळची खुर्ची देऊन स्वतः आत भिंतीशी बसणारी. "ज्याच्यावर कोणी बळजबरी केली ना, त्या लेकराले वाटलं तवा उठून जाता आलं पाह्यजे," एवढंच तिनं मला एकदा समजावलं. शाळेतल्या तिच्या खोलीत एक सूप असायचं आणि आमच्या घरचे तांदूळ. मुलं खडे निवडत बसायची. खाली मान घालून बोलता येतं, कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, असं ती म्हणायची. वर्गात पहिली येणारी, उनाड, हसरी, सगळीच मुलं ती पाळीपाळीनं बोलवायची, म्हणजे कोण कशासाठी गेलं ते कोणालाच कळू नये. मी चिडवायचो, अर्धी शाळा आपले तांदूळ निवडते, तरी खडा नेमका माझ्याच घासात कसा येतो!

एका हिवाळ्यात, एका रात्री तिला जेवणच गेलं नाही. दोन घास खाऊन ताट सारलं. खूप विचारलं तेव्हा म्हणाली, "आठवीतली पोरगी आहे. घरातल्याच माणसानं... आज तिनं मले सांगतलं." नाव नाही, गाव नाही. कोणाला सांगणार नाही ना, असं त्या पोरीनं आधीच विचारलं होतं. "तसं वचन मी देल्लं नाही," वंदना म्हणाली. "हे लपवता येत नाही, अन् लपवू बी नये. पण जे काही होईन, ते आधी तुले सांगीन, मंगच करीन, असं म्हटलं तिले." तिनं पोलिसांत कळवलं. मुलीची आई मुलीच्या मागे उभी राहिली, पण घरचे बाकीचे अडून बसले, शाळेतून नावच काढतो म्हणाले. आणि जबाब कुठे देशील असं पोलिसांनी विचारल्यावर त्या पोरीनं सांगितलं, मॅडमच्या घरी.

"तुमी आज दुपारी घरी राहू नका," वंदनानं मला बजावलं.

"काहून? माझंच घर आहे ना?"

"आज तिचं आहे."

मी निमूट निघालो आणि कारध्याच्या पुलावर वैनगंगा बघत बसलो. परतलो तेव्हा साध्या साडीत आलेल्या पोलीसबाई गेल्या होत्या. सुपात तांदळाची स्वच्छ रास होती, बाजूला खडे. वंदना परसात तोंड धूत होती. ती रडली की मला पाठीवरूनही कळायचं.

पुढे कितीतरी महिने त्या पोरीच्या शाळेवरून आमचं संध्याकाळचं बोलणं एवढंच. मी चप्पल काढता काढता विचारायचो, "आली होती?" तिकडून उत्तर, "आली होती." कधी "नाही आली" असायचं. त्या दिवशी भाजीत मीठ नसायचं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ही त्या पोरीच्या घरी जाऊन बसायची. मी नाव कधीच विचारलं नाही. पण आमच्या घरातलं तिसरं माणूस होती ती पोरगी. दहावी पास झाली तेव्हा वंदनानं पेढे आणले, कशाचे ते न सांगता माझ्या तोंडात कोंबले.

मागच्या रविवारी दारात एक तरुण बाई आली. मॅडम गेल्याचं उशिरा कळलं, साकोलीला नोकरी करते, म्हणाली. सोबतीला येऊन राहिलेली माझी बहीण चहा ठेवायला आत गेली. वंदनाच्या फोटोसमोर तिचं हात जोडून झाल्यावर मी सवयीनं दाराजवळची खुर्ची पुढे केली. तिचं लक्ष कोपऱ्यातल्या तांदळाच्या सुपाकडे गेलं. ते मांडीवर घेऊन ती आत भिंतीशी, वंदनाच्या जागेवर बसली आणि खडे वेचायला लागली. विचारायचं नसतं, एवढं मला वंदनाच्या संसारात कळलं होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "काका, गार वारा येऊन राहिला. दार लावू का?"

उठली, आपल्या हातानं दार लावलं, आणि पुन्हा निवांत खडे वेचत बसली.

संध्याकाळी तिनं निवडलेले तांदूळ धुताना मी फोटोकडे बघितलं. आज विचारणारी वंदना होती.

"आली होती," मी म्हटलं.