पाटाच्या चौकातल्या वगळलेल्या सकाळी

ललितच्या घराण्यात इंजिनिअर झालेला तो पहिलाच. त्यातून तो एम.टेक.लाही गेला, तेव्हा मळ्यातली माणसं त्याला अर्ध्या चेष्टेने आणि अर्ध्या कौतुकाने ‘साहेब’ म्हणायला लागली. शहरालगतच्या मखमलाबादला त्यांचं घर. वडील लहानू मेथी-कोथिंबीर करायचे आणि बांधापलीकडे चुलता नाथा आणि चुलती कुसाबाई झेंडू, शेवंती करायचे. आई अंगणवाडीत सेविका, त्यामुळे लहानपणी शाळेतून आला की ललितचं ताट काकूच्याच घरी असायचं. काकूला मूलबाळ नव्हतं. भाकरीचा पापुद्रा उलगडून त्यात तेल-तिखट घालून ती त्याच्या हातात द्यायची आणि तो खाऊन संपेपर्यंत शेजारी बसून फुलं निवडायची.

रस्त्यावरून किती गाड्या जातात हे सगळीकडे माणूस उभा करून मोजता येत नाही. म्हणून काही चौकांत मोजायचं, त्यावरून कॉम्प्युटरला शिकवायचं, आणि जिथे कुणी कधी मोजलेलंच नाही अशा रस्त्यांवरच्या गाड्यांचा अंदाज त्याच्याकडून काढून घ्यायचा, हे ललितचं संशोधन. मशीन लर्निंग वगैरे घरी सांगण्यात अर्थ नव्हता. तरी काकूने एकदा विचारलंच.

“म्हंजी ते मशीन गाड्या बघतं का?”

“बघत नाही काकू. अंदाज बांधतं.”

“आन् चुकलं तर?”

“चूक किती झाली तेही आपणच मोजतो.”

तिचं समाधान झालं. ललितचंही झालं होतं.

मागच्या वर्षी द्राक्षबागांच्या छाटणीच्या दिवसांत त्याने शहराच्या या बाजूचे चौक मोजायला घेतले. त्यात पाटाचा चौक होता. दिवसा तिथे फारशी गर्दी नसते. पण पहाटे उजाडायच्या आधी तिथून फुलांच्या आणि भाजीच्या गाड्या शहराकडे जातात, आणि सुरगाण्याहून आलेल्या मजुरांनी भरलेल्या पिकअप दिंडोरीकडच्या बागांवर सुटतात. समोरासमोरच्या दिव्यांमुळे कॅमेऱ्यात नुसते पांढरे डाग यायचे. म्हणून ललित स्वतः पाटाच्या कठड्यावर बसून मोजायचा. एकदोनदा नाथानाना आणि काकू त्यांच्या एक्सएल मोपेडवरून गेले. पुढे नाना, मागे काकू आणि दोघांच्या मध्ये, खाली, आजूबाजूला झेंडूच्या गोण्या. काकूने गोण्यांवरून मान काढून हाक मारली होती, “च्या पिला का रं?”

कॉम्प्युटरच्या या मॉडेलचा अंदाज बाकी सगळीकडे छान बसला. पाटाच्या चौकात पहाटे मात्र तो सपशेल आपटला. मॉडेल म्हणत होतं की त्या वेळी रस्ता जवळपास मोकळा असतो. ललितच्या हाताच्या मोजणीत तो दुपारपेक्षा भरलेला होता. त्या एका चौकामुळे सगळ्या निकालावर डाग पडत होता, आणि इंदूरच्या परिषदेला पेपर पाठवायची तारीख तोंडावर आली होती.

त्याचे मार्गदर्शक गांगुर्डे सर आलेख बघत म्हणाले, “हे काय आहे? कॅमेरा बिघडला होता का?”

प्रश्न सरळ होता. ललितने क्षणभर पडद्याकडे पाहिलं.

“हो सर. अंधारात नीट आलं नाही.”

“मग खराब डेटा कशाला ठेवलायस? काढून टाक.”

त्याने काढून टाकला. कॅमेऱ्यात नीट आलं नव्हतं हे खोटं नव्हतं. आपण स्वतः बसून मोजलंय, एवढंच त्याने सांगितलं नाही. त्या सकाळी काढल्याबरोबर आलेख सुतासारखा सरळ झाला. पेपर स्वीकारला गेला. इंदूरहून येताना त्याने काकूसाठी साडी आणली आणि ती नेसून काकू सगळ्या आळीला दाखवून आली.

उन्हाळ्यात सरांनी त्याचे आकडे एका खासगी कंपनीला दिले. त्या कंपनीकडे सिग्नलच्या वेळा नव्याने ठरवायचं काम होतं. कोणत्या चौकात सिग्नल किती वाजता सुरू करायचा, याची शिफारस ललितच्या अंदाजांवरून झाली. पाटाच्या चौकातला सिग्नल पूर्वी पहाटेपासून चालायचा. आता आठपर्यंत तिथे नुसता पिवळा दिवा लुकलुकत ठेवायचा, असं त्यात होतं. मसुदा नजरेखालून घालायला त्याच्याकडे आला. ती ओळ त्याने वाचली. आत कुठेतरी खटकलं. पण आता हे उकरून काढायचं तर सरांना काय सांगायचं, पेपरचं काय करायचं, असे प्रश्न एकामागून एक उभे राहिले. त्याने ‘ठीक आहे’ असं उत्तर पाठवून दिलं आणि दुसऱ्या कामाला लागला.

घटस्थापनेच्या आदल्या पहाटे नाना आणि काकू फुलबाजाराला निघाले. पाटाच्या चौकात पिवळा दिवा लुकलुकत होता. नानाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि गाडी घातली. पेठ गावाकडून भाजीचा टेम्पो आला. त्याने ब्रेक दाबला, पण एक्सएलचं मागचं चाक टेम्पोच्या तडाख्यात सापडलं. नाना गोण्यांवर पडला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. काकूची मांडी मोडली. सगळ्या चौकात झेंडू पसरला होता, असं नंतर जो तो ललितला सांगत होता. तो ऐकून घ्यायचा.

मांडीत रॉड घातला. डॉक्टरांनी सांगितलं, चालतील, पण उकिडवं बसणं आता विसरा. झेंडू तोडायचा, निंदायचं, रोपं लावायची, काकूचं सगळं आयुष्य उकिडवं बसून गेलेलं. ती पांघरुणाची कड चिमटीत धरून दुमडत राहिली.

त्याहून वाईट पुढे घडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण नानाला बोलायला लागला. वय झालं, अंधारात दिसत नाही, एवढी घाई कशाला? लहानूनेही भावाला सुनावलं. नानाने एक्सएल गोठ्यात नेऊन टाकली आणि वर ताडपत्री ओढली. दवाखान्याच्या व्हरांड्यात एका दुपारी तो ललितला म्हणाला, “मी थांबाया पायजे होतं रं. मपल्यामुळंच झालं हे. तिला म्यानंच पांगळी केली.”

“नाना, चहा घेता का?” एवढंच ललित म्हणाला.

चहाचा कप आणून देताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो जिना उतरून खाली गेला आणि पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगेत उभा राहिला. म्हाताऱ्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि आपण त्याला घेऊ देत होतो.

दुसऱ्या दिवशी तो सरांकडे गेला आणि सगळं सांगितलं.

“सिग्नल चालू असता तर अपघात झाला नसता, असं तू सिद्ध करू शकतोस का?”

“नाही सर.”

“लोक पहाटे लाल सिग्नलही तोडतात.”

“तोडतात. नाना तोडत नाही.”

सर चिडले. त्यांचंही नाव त्या पेपरवर होतं. “तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?” त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी ते म्हणाले, “पेपर मागे घ्यावा लागेल. पदवी लांबेल. कंपनीला मी फोन करतो, पण लिहून तू द्यायचंस, तुझ्या नावाने.”

त्याने लिहून दिलं. पण खरं अवघड काम घरी होतं. काकूला दवाखान्यातून आणलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तो त्यांच्या घरी गेला. नाना उंबऱ्यापाशी बसला होता, काकू पलंगावर उशीला टेकून. ललितने दोघांना सगळं सांगितलं. मोजलेलं कसं काढून टाकलं, सिग्नलची वेळ कशी बदलली, ती ओळ वाचूनही आपण गप्प कसे बसलो.

नानाच आधी बोलला. “गाडी तू हाकत होता का? नाय ना. मंग? पोराच्या जातीनं यवढं मनाला लावून घेऊ नये.”

काकू मात्र त्याच्याकडे एकटक बघत होती. “आमी तितनं जातो, तुला ठावं होतं ना?”

“होतं.”

“मी हाक मारली हुती तुला.”

“हो काकू.”

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग नानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठवलं आणि अंगणापर्यंत आणून सोडलं. नानाची माफी त्याला आयतीच मिळाली होती, पण तिचा काही उपयोग होईना. ज्या माणसाने रागवायला हवं होतं तो रागावत नव्हता आणि जी रागावली होती तिचं काही चुकलं नव्हतं.

नानाला बोलणारे मात्र थांबले, कारण ललितने भावकीत घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं. काहींना कळलं, काहींना नाही. त्याच्या वडिलांना पुरतं कळलं. ते दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत आणि मग एका सकाळी भावाच्या घरी जाऊन त्याच्या शेजारी गुपचूप बसून आले.

दिवाळीनंतर पाटाच्या चौकातला सिग्नल पुन्हा पहाटेपासून चालू झाला. ललितने त्या सगळ्या सकाळी परत आत घेतल्या. कॉम्प्युटरला नव्याने शिकवलं. अंदाज सुधारले, पण पहिल्यासारखा गुळगुळीत आलेख काही आला नाही, आणि प्रबंधात त्याने आपलं मॉडेल कुठे, कसं आणि कुणाच्या बाबतीत चुकतं यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. बरोबरच्या मुलांना नोकऱ्या लागल्या. तो अजून कॉलेजातच होता. याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. एखाद्या क्षणी बरं वाटायला लागलं की मात्र तो दचकायचा.

नानाचा गाडीवर बसायचा धीर गेला तो गेलाच. फुलं तर दररोज तोडून होत होती. एका मजूर बाईला हाताशी घेऊन नाना ती तोडायचा. बाजारात न्यायचं काम ललितने कुणी न सांगता उचललं. पहाटे तो यायचा, ताडपत्री काढून दुरुस्त करून घेतलेल्या एक्सएलवर गोण्या बांधायचा आणि निघायचा. काकू तोवर वॉकर घेऊन ओट्यावर यायला लागली होती. ती खुर्चीवर बसून गोण्यांची तोंडं शिवायची. ललितशी तिचं बोलणं कामापुरतं, तेही नानाच्या आडून. ‘त्याला म्हनावं, शेवंती वर ठेव.’ ‘त्याला म्हनावं, सुतळी संपली.’ तो शेवंती वर ठेवायचा, सुतळी आणून द्यायचा.

मार्गशीर्षात गुरुवारची फुलं जोरात असतात. अशाच एका गुरुवारी धुकं दाट होतं. ललितने गोण्या आवळल्या, गाडी सुरू केली आणि दिवा लावला. नाना आत पाणी तापवत होता. ओट्यावर काकू एकटीच होती.

“हळू जा रं,” ती म्हणाली.

ललितने मागे वळून पाहिलं. तिची नजर सुईवर होती आणि ती पुढच्या गोणीला टाका घालत होती. त्या तीन शब्दांनी काही फिटलंय असं तिलाही वाटत नव्हतं आणि त्यालाही. “हो काकू,” म्हणून त्याने गाडी हळूच मळ्याबाहेर काढली.