खालच्या तुऱ्यांसाठी उजेड

लंडनजवळच्या रीडिंग शहराबाहेर, मोटरवेच्या कडेला, नोव्हेंबरातलं धुकं असं बसलं होतं की बस आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. कस्तुरी बसमधून उतरली, गेटवर कार्ड टेकवलं, आत जाऊन घरचे कपडे बदलून पांढरा ओव्हरऑल चढवला, केसांवर जाळी ओढली आणि आठच्या ठोक्याला तिसऱ्या नंबरच्या खोलीत शिरली. बाहेर बोटं वाकत नव्हती आणि आत भर चैत्रातली दुपार. वर रांगेने दिवे, खाली छातीइतकी झाडं, आणि तो उग्र वास. तो अंगाला चिकटला की बसमध्ये शेजारची सीट रिकामीच राहते.

झाडं गांजाची. सरकारी परवान्याची, औषधासाठी लावलेली. कस्तुरीचं काम कात्रीने पानं विरळ करायचं. सासरी नाशिकला तिने ‘औषधी वनस्पतींची नर्सरी’ एवढंच सांगून ठेवलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. माहेरी, खटाव तालुक्यात, आप्पांपासून मात्र तिचं काही लपायचं नाही. ते ऐकून पोट धरून हसले होते. “हितं उसात चार झाडं लावली तर पोलीस धरून नेत्यात, आन् तुला तिकडं त्याचा पगार मिळतोय. शिक्षान वाया गेलं न्हाई बग.”

शिक्षण म्हणजे राहुरीची बी.एस्सी. अ‍ॅग्री. नवरा श्रीकांत सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इकडे आला, त्याच्या व्हिसाचं शेपूट धरून ती आली. पाच वर्षांत त्या डिग्रीबद्दल कोणी चकार शब्द विचारला नव्हता. पानं कापायला डिग्री कशाला लागते?

पण कापता कापता तिचे डोळे रिकामे नसत. औषध ज्यांतून निघतं ते फुलांचे तुरे वर मुठीएवढे आणि खाली बोराएवढे, पोचट, हे तिने पहिल्याच महिन्यात हेरलं. आभाळातला सूर्य तरी सकाळ-संध्याकाळ तिरपा येतो, झाडाच्या कंबरेला उजेड देतो. इथला सूर्य दिवसभर डोक्यावर टांगलेला. वरची पानं सगळं खाऊन टाकतात आणि खालच्यांच्या वाट्याला सावली. मग बाजूने दिवे लावले तर?

हे ती धीर करून नतालीला बोलली. नताली इथली मुख्य, लागवडीचं सगळं तिच्या हातात. जन्म लंडनचा, पण आजी सिप्पोरा मुंबईची, मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आजीकडून नतालीकडे पाच-सहा मराठी शब्द उतरले होते आणि ते ती जपून वापरायची, सणाच्या भांड्यांसारखे. तिने कस्तुरीला एक रांग दिली. आठ झाडं आणि चार एलईडी पट्ट्या, दोन-दोन झाडांना एक. तुरे भरले तर अख्खी खोली बाजूच्या दिव्यांखाली, आणि ती बघायला कस्तुरी. नाही भरले तर पट्ट्या उतरवायच्या आणि विषय संपला. निर्णय शुक्रवारी होता, आज बुधवार.

आणि रांगेत काहीतरी भलतंच चाललं होतं. दाराजवळच्या शेवटच्या दोन झाडांचे खालचे तुरे असे भरले होते की कस्तुरीला ते कात्रीच्या पात्याने हलकेच उचलून बघावेसे वाटत. उरलेल्या सहांचे मात्र जिथल्या तिथे. भरायचं सोडून त्यांच्यातून हिरवी पानं डोकावत होती, जणू फुलायचं की वाढायचं हे झाडाला ठरवताच येत नव्हतं. एकच जात, एकच खत, एकच पाणी. सगळे म्हणाले, पट्ट्यांच्या उष्णतेने होतंय, दाराजवळ गार असतं म्हणून ती दोन वाचली. कस्तुरीने दुपारभर थर्मामीटर घेऊन रांग पालथी घातली. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

संध्याकाळी तिने आप्पांना फोन लावला. तिकडे रात्र चढली होती, पण पिकाचं कोडं म्हटल्यावर ते अंथरुणात उठून बसले. आप्पांनी बारा वर्षं शेवंती केली होती. शेवंती रात्र मोठी झाली की फुलते, म्हणून ती लवकर फुलू नये यासाठी ते रानात बल्ब टांगून तिची रात्र मोडत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खाकरले.

“फुलता फुलता पाला फुटतोय म्हंजी त्यास्नी बी शेवंतीवानी मोठी रात लागती, ती पुरंना. दिवं इझतात कवा?”

“वरच्यांबरोबरच, आप्पा. टायमर लावलाय ना.”

“तू इझताना बघितल्यास?”

कोणीच बघितले नव्हते. लोक आठला येत आणि चारला घरी जात. दिवे त्याआधी लागत आणि नंतर विझत.

गुरुवारी ती मागे थांबली. सहाला पाच कमी असताना तिसऱ्या खोलीच्या दाराशी गेली. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून दारातल्या छोट्या काचेवर रबरी झडप असते, ती बोटाने तिने किंचित उचलली. सहा वाजले. वरचे दिवे एका झटक्यात गेले. शेवटची पट्टीही गेली. उरलेल्या तीन मात्र जळतच राहिल्या, सहा झाडांच्या कंबरेला, ऐन रात्रीत. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. सातला त्या विझल्या.

तिथे उभ्या उभ्याच तिला उलगडलं. वरचे दिवे कॉम्प्युटरवर, आणि तो बारा महिने एकच वेळ पाळतो, आपल्या देशातल्या घड्याळांसारखा. शेवटच्या पट्टीची वायर टायमरपर्यंत पोचत नव्हती, म्हणून इलेक्ट्रिशियनने ती वरच्या दिव्यांच्याच लाइनवर जोडली होती. तीन पट्ट्या तेवढ्या टायमरवर. आणि ऑक्टोबरअखेर, दर हिवाळ्याच्या तोंडाशी जातात तशी, इथली घड्याळं तासाने मागे गेली, तेव्हा कस्तुरीने इमानदारीने तो टायमरही मागे केला होता. या देशातल्या पहिल्याच वर्षी ती घड्याळ बदलायला विसरली होती आणि तासभर आधी जाऊन डॉक्टरांच्या बंद दारापुढे थंडीत कुडकुडली होती. तेव्हापासून त्या रविवारी ती मायक्रोवेव्ह, ओव्हन, गाडी, एकही घड्याळ सोडत नसे. तीच सवय सोमवारी कामावर आली. टायमर कॉम्प्युटरच्या तालावर बरोबर चालला होता, तिने तो बिघडवला.

बसमध्ये तिच्या डोक्यात दोन विचार भांडत होते. गप्प राहिलं तर चूक झाकली जाईल, पण उद्या पट्ट्या उतरतील आणि बाजूचा उजेड कुचकामी ठरेल. सांगितलं तर उजेड वाचेल कदाचित, पण या कारखान्यात प्रत्येक चूक नावासकट नोंदवली जाते, आणि चूक करणाऱ्या माणसाला खोली कोण देईल? घरी श्रीकांत म्हणाला, तू ठरव. ती रात्रभर कूस बदलत राहिली. पण डोळे मिटले की तिला ती दोन भरलेली झाडंच दिसत.

शुक्रवारी सकाळी नताली पट्ट्या उतरवणाऱ्या माणसाला घेऊनच आली होती. कस्तुरीने तिला रांगेच्या टोकाशी नेलं, आधी शेवटची वायर दाखवली, मग टायमर, आणि मग सरळ सांगितलं की हे मी केलं. नतालीने वाकून त्या दोन झाडांचे खालचे तुरे पाहिले, मग सहा झाडांचे, मग परत दोघांचे. सात वर्षं मी वरूनच बघत आले, असं ती इंग्रजीत पुटपुटली. चूक नोंदवायचा फॉर्म भरावाच लागेल, हेही म्हणाली. मग त्या माणसाला परत पाठवलं.

“पुन्हा कर,” ती मराठीत म्हणाली, शब्द जुळवत. “दोन रांग. पण घड्याळ हात नको लावू.”

कस्तुरीने मान हलवली. आता सगळ्या पट्ट्या वरच्या दिव्यांच्या लाइनवर जायच्या होत्या, पण इलेक्ट्रिशियन सोमवारी येणार होता. तोवरच्यासाठी तिने नतालीसमोरच, शेवटचं एकदा, टायमर तासाने पुढे सरकवला आणि त्यावर चिकटपट्टी मारली. कात्रीला कालचा चीक वाळून बसला होता. तिने कापसावर स्पिरिट घेतलं, दोन्ही पाती घासून पुसली आणि पहिल्या झाडाच्या पानांकडे वळली.