दुपारची शाळा

धावड्याच्या शिवारात बियाण्याच्या कापसाचे प्लॉट लागले की गावच्या पोरी शाळेतून गळत. संध्याकाळी कळी सोलून ठेवायची, सकाळी तिच्यावर नराचं फूल फिरवायचं. ती सकाळ चुकली तर सोललेली कळी वाया. या कामाला लहान बोटंच लागतात, असं सगळे म्हणत. सगुणाबाईंचंही लहानपण त्यातच गेलं होतं. सासरी आल्यावर त्यांनी हट्टानं दहावी केली, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका संस्थेनं त्यांना शाळा सुटलेल्या मुलींचा वर्ग दिला. तयारी करून घ्यायची आणि मुली गावच्या शाळेत बसवायच्या.

वर्ग रिकामाच राही. मग त्यांना युक्ती सुचली. सकाळच्या आणि संध्याकाळच्या कामाच्या मधल्या वेळी त्या प्लॉटच्या बांधावर, लिंबाखाली फळा घेऊन बसू लागल्या. पोरी आल्या. पाट्यांवर परागाचे पिवळे ठसे उठले. बापही खूश, कामाचं काहीच अडत नव्हतं.

कौसल्या सगळ्यांच्या पुढे गेली. वाचायला लागली ती खताच्या गोण्यासुद्धा सोडेना. हेडमास्तर म्हणाले, "उद्या सकाळी आणा, तपासतो. पाचवीत बसेल. मात्र रोज यायला हवं."

सगुणाबाई तिच्या बापाकडे, रखमाजीकडे गेल्या.

"सकाळी?" तो हसला. "बाई, तुमची दुपारची शाळा चांगली चालून राह्यली की. मंग ही दुसरी कशाला?"

"माझी शाळा खरी नाही, रखमाजीभाऊ. ती नुसती वाट आहे."

"वाट बराबर हाये. तिच्यावरच राहू द्या. आज सोललेल्या कळ्या उद्या काय हेडमास्तर बघतीन?"

"मी बघते."

सकाळी कपाशीच्या वळीतून फिरताना दवानं सगुणाबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. बोटं काही विसरली नव्हती. कौसल्या तेल लावून, वेणी घालून गेली, ती मागं न बघता. दुपारी बांधावरूनच ओरडली, "बाई, पाचवी!"

रखमाजीचे डोळे भरून आले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "पोरगी हुशार हाये, मला का कळत न्हाई? मंग उद्या येता ना तुम्ही? हंगाम सरेपर्यंत?"

शेजारच्या प्लॉटवरची दुर्गाबाई पुढं आली. "बाई, मंग आमच्या उषीच्या वळीबी धरा. तिलाबी न्या शाळेत." बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

ऊन उतरलं. पोरी पाट्या लिंबाला टेकवून कळ्या सोलायला उठल्या. ही वेळ झाली की वर्ग सोडायचा, हे सगुणाबाईंनीच नेमून दिलं होतं. शाळा कामाच्या फटीत मावते, हे साऱ्या गावाला त्यांनीच शिकवलं होतं.

"बाई, उद्या लौकर येसान ना?" कौसल्येनं मान न उचलता विचारलं. तिची बोटं चालूच होती. वळीभर सोललेल्या कळ्या सकाळची वाट बघू लागल्या होत्या.

सगुणाबाई तिच्या शेजारच्या वळीत कळ्या सोलायला शिरल्या. पलीकडे बाकीच्या पोरी हात थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या.